माघार घेतलेल्यांचा कोपरा

खांबेटेकाकांना अमेरिकेत कोण निवडून आलं याच्याशी काडीचंही देणंघेणं नाही. जिंकलेल्या माणसाचं नाव त्यांना जगाच्या दोन दिवस नंतर कळतं, तेही कोणी आपणहून सांगितलं तर. त्यांना हवा असतो यादीच्या तळाचा माणूस. तोही साधा तळाचा नव्हे. दोन आठवड्यांपूर्वी बायकोला शेजारी उभी करून, सगळ्यांचे आभार मानून, 'मी शर्यतीतून बाहेर पडतो आहे' असं सांगून जो घरी गेला, आणि तरीही ज्याला कुठल्याशा खेड्यात चार मतं पडली, असा माणूस त्यांना लागतो.

"चार!" काका ओरडतात. "अनुजा, चार जणं! घरी गेलेल्या माणसाला! का?"

हे ओरडणं बुधवारी सकाळी अकराच्या पुढे होतं. तिकडे मंगळवारची संध्याकाळ असते, मतदान केंद्रं बंद होतात, आणि इथे मेलबर्नमध्ये आमच्या डँडेनॉन्गच्या गल्लीत खांबेटेकाका माझी बेल वाजवतात. आमची युनिट्स भिंतीला भिंत लावून आहेत आणि बुधवारी मी घरून काम करते, या दोन गोष्टींचा ते पुरेपूर फायदा घेतात. खाली शॉर्ट्स, पायात रबरी चपला, आणि वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय. टाय कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते दुखावले होते.

"लोक तिकडे बर्फातून चालत मत द्यायला आलेत. मी बनियनवर मोजू?"

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची खरी निवडणूक होण्याआधी प्रत्येक पक्ष आपल्या आपल्यात एक निवडणूक घेतो, राज्याराज्यातून, काही महिने. तिला प्रायमरी म्हणतात. हे मला काकांमुळे कळलं. आणि या प्रायमरीत माणसं जे काही करतात ते बघून जगात कुणाचाही विश्वास उडेल, पण काकांचा बसतो. एका राज्यात कोणीही उठून अर्ज भरू शकतो म्हणून यादीत वीसेक अनोळखी नावं, आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी मत देतंच. नेव्हाडात तर कागदावर 'यांपैकी कोणीही नाही' असाही पर्याय असतो, आणि तो पर्याय निवडायला माणसं गाडी काढून, पार्किंग शोधून, रांगेत उभी राहतात.

"आपल्याकडे बघ," काका म्हणतात. ऑस्ट्रेलियाला ते 'आपल्याकडे' म्हणतात, आणि सांगलीलाही. संदर्भाने समजून घ्यायचं. "आपल्याकडे मत नाही दिलं तर दंड. माणूस दंड चुकवायला जातो, शाळेच्या आवारात पावात घातलेलं सॉसेज खातो आणि घरी येतो. त्याला 'का?' विचारून उपयोग नाही. पण तिकडे? कोणी बोलावलेलं नाही, कोणी दंड करणार नाही, आणि हा बुवा उठून जातो आणि सोडून गेलेल्याला मत देतो! माणूस उगीच काही करत नाही, अनुजा. कारण सापडलंच पाहिजे."

'कारण सापडलंच पाहिजे' हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत, तिथे काका बावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. कारखाना बंद पडला तरी इन्स्पेक्टर चालूच राहिला. चांगल्या मालाकडे त्यांनी जन्मात कधी बघितलेलं नाही. चांगला माल पुढे गेला, विषय संपला. बिघडलेला नग मात्र ते उचलून बाजूला ठेवत, उजेडात फिरवून बघत आणि कुठल्या मशीनवर, कुणाच्या पाळीत, कशाने बिघडला ते शोधून काढत. अजूनही घरात काही विचित्र घडलं की, "हा पीस बाजूला ठेव," असं म्हणतात. शैलाकाकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, एखादी पोळी नकाशासारखी झाली तरी ती बाजूला निघते आणि तिची चौकशी होते. काकू मग पोळपाटच त्यांच्यापुढे ठेवतात.

माझी आणि त्यांची ओळखही बिघडलेल्या मालातूनच झाली. बारा वर्षांपूर्वी मी पुण्याहून इथे युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकायला आले आणि फॉस्टर स्ट्रीटवरच्या एका वाणसामानाच्या दुकानात शिफ्ट करू लागले. माझं मुख्य काम म्हणजे मुदत संपत आलेल्या किंवा पोचे पडलेल्या मालावर जाड हिरव्या स्केचपेनने भरीव टिकली काढायची. हिरवी टिकली म्हणजे अर्धी किंमत. तो स्केचपेन दिवसभर माझ्या कानामागे असे, आणि कित्येकदा घरी झोपताना कळे की तो अजून तिथेच आहे. दर शनिवारी टाय लावलेले एक गृहस्थ येत आणि नेमके चेपलेले डबे उचलत. चेपलेला आंब्याच्या रसाचा डबा हातात फिरवत मला विचारत, "हा कसा पडला? वरून की आडवा?"

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालेला आहे. नंतर कळलं, झालेला आहेच, पण निरुपद्रवी.

तर हे काका त्या चार मतांचं काय करतात ते सांगते. त्यांच्याकडे एक जाडजूड वही आहे. मुखपृष्ठावर एकच अक्षर: 'का?'. तिच्यात ती कौंटी, म्हणजे तिकडचा जिल्हा, ते गाव, त्या दिवशीचं हवामान आणि कितीजणांनी घरी गेलेल्याला मत दिलं ते लिहितात. त्यातून पोस्टाने आधीच पाठवलेली मतं बाजूला काढतात, कारण त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. "ती चूक समजू शकतो. मला हवेत ते त्या दिवशी स्वतःच्या पायांनी गेलेले." आणि मग ते चक्क पत्र लिहितात. त्या गावाच्या निवडणूक कचेरीला, हाताने, एअरमेलने. मी दोन-तीन पत्रं वाचली आहेत. 'आदरणीय महोदया, आपल्या गावातील चार मतदारांनी दोन आठवड्यांपूर्वी घरी गेलेल्या गृहस्थांस मत दिल्याचे दिसते. मतदान गुप्त असते याची मला पूर्ण जाणीव आहे. नावे नकोत. फक्त कारण कळल्यास आभारी होईन.' खाली सही, पत्ता, आणि उत्तरासाठी स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट. त्याच्यावर ऑस्ट्रेलियाचं तिकीट. ते अमेरिकेत चालत नाही हे मी सांगितलं तर म्हणाले, "भावना पोचते."

उत्तर कशाला कोण देतंय! पण गेल्या हंगामात एक आलं. आयोवाच्या शेजारच्या राज्यातल्या एका छोट्या कचेरीतल्या बाईंनी कार्ड पाठवलं होतं. त्या दिवशी काकांनी बेल वाजवलीच नाही, सरळ दारावर थापा मारल्या. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती, कॅमेरा चालू होता, आणि मागे टायवाला माणूस कार्ड नाचवतोय हे दृश्य माझ्या मॅनेजरने आजतागायत विसरू दिलेलं नाही.

बाईंनी लिहिलं होतं की तीन मतांबद्दल त्या काही सांगू शकत नाहीत, पण चौथं त्यांचं स्वतःचं आहे म्हणून सांगतात. तो उमेदवार त्यांच्या गावात आला होता. सभेला अकरा माणसं होती. सभा संपल्यावर तो थांबला आणि सगळ्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या. तो घरी गेलाय हे त्यांना माहीत होतं. पण त्या खुर्च्यांबद्दल त्याला कोणीच काही म्हटलेलं नव्हतं.

काकांनी कार्ड मला तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना 'खुर्च्या'शी आल्यावर त्यांना खोकला आला. मी पाणी आणून दिलं आणि मीटिंगमध्ये परत गेले. त्या खोकल्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

आता आमच्या मराठी मंडळाकडे येते, कारण खरी गंमत तिथेच झाली. अध्यक्षपदासाठी यंदा दोन उमेदवार होते. एक रोहित सबनीस, आयटीवाला, दर वाक्याला एक स्लाइड. दुसऱ्या स्मितावहिनी, रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या, ज्यांच्यासमोर रोहितही ताठ बसतो. आधी मतदान मोबाइलवर घ्यायचं ठरलं. रोहितनेच अॅप केलं. चाचणी घेतली तर सभासदांपेक्षा मतं जास्त निघाली. स्मितावहिनींनी नुसतं बघितलं. मग कागदी मतपत्रिका म्हटलं तर त्या कोणी छापायच्या यावरून दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आल्या.

आणि तेव्हा मागच्या रांगेतून खांबेटेकाका उठले. "कॉकस!" ते म्हणाले.

कोणाला काही कळेना. काकांचा आवाज आनंदाने कापत होता. आयोवात ही पद्धत होती, त्यांनी समजावलं. कागद नाही, मशीन नाही. हॉलमध्ये प्रत्येक उमेदवाराला एक कोपरा. शिट्टी वाजली की आपल्या माणसाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं, तो बरखास्त. त्यातल्या लोकांनी दुसरीकडे जायचं. "कोण कुठे उभं आहे ते सगळ्यांना दिसतं. आणि," इथे ते जरा थांबले, "कोणी का उभं आहे, ते विचारता येतं."

मंडळ इतकं कंटाळलं होतं की ठराव मंजूर झाला. काकांनी नियमावली लिहिली, सात पानी. दहापेक्षा कमी डोकी असतील तो कोपरा बरखास्त. आणि निवडणूक अधिकारी कोण, तर मी. अधिकाऱ्याने मत द्यायचं नाही, हा नियम क्रमांक दोन. त्यांनी मला कारखान्यातली जुनी पितळी शिट्टी आणून दिली.

"मीच का, काका?" मी विचारलं.

"तुला कुणाची बाजू नाही," ते घाईघाईने म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कारणाचा विषय बदलून निघून गेले.

सभेच्या आदल्या दिवशी मी काकूंकडे वड्यांचे बटाटे सोलायला बसले होते. काका हॉलवर चुन्याने कोपरे आखायला गेले होते. जाताना त्यांनी ती 'का?' वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "पहिलं पान वाच, नियमावलीला उपयोगी पडेल." पहिल्या पानावर नियम वगैरे काही नव्हते. एक जुनी मतपत्रिका चिकटवलेली होती, आमच्याच मंडळाची.

"ती होय," काकू म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. हे उभे राहणार होते अध्यक्षपदाला. सात वर्षं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या मांडायच्या आणि सगळे गेल्यावर आवरायच्या, हे काम एकट्याचं. म्हटलं, उभे राहा. तर निवडणुकीच्या दिवशी चार मित्रांनी बाजूला घेतलं. म्हणाले, खांबेटे, तुम्ही खुर्च्या छान लावता हो, पण तुम्हाला मत कोण देणार? आणि ह्यांनी तिथल्या तिथे माघार घेतली. कागद छापून झाले होते, नाव त्यावर राहिलं. मोजले तर एक मत ह्यांना."

"तुमचं?"

"माझं कशाला? माघार घेतली होती ना? मी आपलं दुसऱ्यांना दिलं. वाया कशाला घालवू?" काकूंनी बटाटा जरा जोरात सोलला. "मोजणाऱ्याने तो कागद ह्यांना चेष्टेने दिला. तो खिशात घालून हे घरी आले ते असे, जसे काही निवडून आले. रात्रभर एकच. का दिलं असेल? मग लायब्ररीत जाऊन शोधत बसायचे, माघार घेतलेल्याला मत देणारी माणसं जगात कुठे असतात. शोधता शोधता अमेरिकेत पोचले. तोवर ह्यांना अमेरिकेची राजधानीसुद्धा धड माहीत नव्हती गं."

मी मतपत्रिकेकडे बघत होते. चार नावं. सूचना लिहिलेली: निळ्या पेनाने बरोबरची खूण करावी. आणि 'श्री. खांबेटे' या नावापुढे बरोबरची खूण नव्हती. एक जाड, भरीव, हिरवी टिकली होती.

माझ्या हातातला बटाटा पातेल्यात पडला आणि पाणी उडालं. काकू म्हणाल्या, "जपून."

हिरवी टिकली! अर्ध्या किमतीची! ती मी होते. शिफ्ट संपवून धावत त्या हॉलमध्ये गेले होते, कारण मंडळाच्या सभेनंतर फुकट जेवण असतं असं रूममेटने सांगितलं होतं. दारात कोणीतरी हातात कागद दिला. चार नावांपैकी तीन अनोळखी, आणि चौथं खांबेटे. खांबेट्यांना मी ओळखत होते. कानामागचा स्केचपेन काढला, सवयीने टिकली ठोकली, आणि जेवायला गेले. श्रीखंड होतं. श्रीखंड लख्ख आठवतं आणि मत विसरले, यापेक्षा लाजिरवाणं काय असेल? माझ्या एका टिकलीवर या माणसाने बारा वर्षं आणि तीन अमेरिकन निवडणुका काढल्या होत्या, आणि मी शेजारीच राहत होते.

मग दुसरा विचार आला. माघारीची घोषणा मी पोचायच्या आधी झाली होती की नंतर? मला माहीत होतं का? काकांच्या हिशेबी सगळा फरक तिथेच होता. माहीत नसेल तर ती पोस्टाने आलेल्या मतांसारखी साधी चूक, आणि त्यांनी ती वहीतून बाजूला काढायला हवी. मी खूप आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. मी काकूंना काही बोलले नाही. वही मिटून जागेवर ठेवली.

शनिवारी दुपारी मेलबर्नने अडतीसचा पारा गाठला. हॉलमधला एकच एसी चालत होता, आणि रोहितने आधी येऊन त्याच्याखालचा कोपरा पटकावला होता. स्मितावहिनींनी शांतपणे स्वयंपाकघराच्या दाराजवळचा घेतला. तिसऱ्या कोपऱ्यात, जिथे गणपतीची मखरं आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात, तिथे काकांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: 'माघार घेतलेल्यांचा कोपरा'.

"काका, माघार कोणी घेतलीय?" मी विचारलं.

"घेतील," ते म्हणाले. मग व्यासपीठावर चढून त्यांनी जाहीर केलं की नियम चार प्रमाणे ऐन वेळी अर्ज भरता येतो, तर मी, खांबेटे, भरतो आहे. दोन टाळ्या पडल्या. लगेच पुढचं वाक्य: नियम पाच प्रमाणे मी माघारही घेतो आहे. नियम सहा प्रमाणे माझा कोपरा मात्र राहील. आभारी आहे. लोक हसले. टाय नीट करत काका खाली उतरले आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, मखराशेजारी, एकटे.

मी शिट्टी वाजवली.

आणि काय सांगू! असली धमाल आमच्या मंडळात झाली नव्हती. निम्मं मंडळ सरळ एसीकडे पळालं. "विचारधारा, विचारधारा!" रोहित ओरडत होता. काकांना आपल्या कोपऱ्यात थोडंच राहवतंय? वही काढून ते प्रत्येकामागे धावले. "तू इथे का?" "काका, वारा येतोय." "आणि तू?" "माय मेट इज हिअर, अंकल." एक चिमुरडी म्हणाली, "मम सेड देअर्स एअरकॉन." एकजण भिंतीतल्या प्लगपाशी फोन चार्ज करत होता, तो रोहितच्या बाजूला मोजला गेला आणि त्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता. मध्यभागी मंडळाचे जुने सभासद कुलकर्णी हात पाठीमागे बांधून उभे होते. "मी विचार करतोय," ते म्हणाले. काकांनी आनंदाने त्यांचा हातच धरला. "अनिर्णित! अनुजा, आपल्याला अनिर्णित मिळाला! हा पीस बाजूला ठेव!"

तेवढ्यात स्वयंपाकघरात काकूंनी वड्यांचा पहिला घाणा काढला.

मी शपथेवर सांगते, ती गर्दी वळताना मला दिसली. आधी माना वळल्या, मग पाय. एसीखालून सात, मग बारा, मग रोहितचा सख्खा मेहुणा. "इट्स अ प्रोसेस, गाइज!" रोहित म्हणत राहिला. कुलकर्णींनीही विचार पूर्ण केला आणि बशी घेतली. स्मितावहिनी बोटसुद्धा न हलवता जिंकत होत्या. काका लिहून लिहून घामाघूम झाले होते, टाय खांद्यावर गेला होता, मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मग सगळे आपापल्या जागी ठरले आणि मोजायची वेळ झाली. काका परत आपल्या कोपऱ्यात गेले. वही मिटून काखेत धरली. हॉलकडे तोंड केलं. कोणी येतंय का, असं ते बघत नव्हते. छताकडे बघत होते, पंखे मोजत असल्यासारखे. त्या पाटीखाली त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.

मी शिट्टी गळ्यातून काढली आणि सर्वांत जवळ उभ्या असलेल्या कुलकर्णींच्या हातात दिली. "तुम्ही मोजा," म्हटलं. आणि हॉल ओलांडून गेले. अंतर फार नव्हतं.

"अधिकाऱ्याला मत नाही," काका म्हणाले. "नियम दोन."

"राजीनामा दिला."

त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, "का?"

"मी फर्स्ट सेमिस्टरला नापास झाले होते," मी म्हटलं. "घरी सांगितलं नव्हतं. दुकानात रडत होते, तुम्ही चेपलेला डबा घेऊन आलात. म्हणालात, पेपर दाखव. उलट्या क्रेटवर बसून एक तास तो पेपर वाचलात. म्हणालात, तिसऱ्या प्रश्नात घाई केलीस, बाकी माल चांगला आहे. तेवढं इथे कोणीच मला म्हटलं नव्हतं. म्हणून ती टिकली."

काका जराही दचकले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं!"

"दर शनिवारी हिरव्या टिकलीचे डबे नेत होतो मी. बावीस वर्षं इन्स्पेक्टर होतो," ते म्हणाले. "पण गुप्त मतदान. विचारता कसं येईल? म्हणून तिकडच्यांना विचारत बसलो." मग माझ्याकडे न बघता, "माघार घेतल्याचं तेव्हा ठाऊक होतं तुला?"

बारा वर्षांचा प्रश्न. 'हो' म्हणायला काही लागत नव्हतं. पण ज्या माणसाने माझा नापास पेपर प्रामाणिकपणे तपासला त्याला खोटं कसं सांगू?

"आठवत नाही, काका. खरंच. पण आज ठाऊक आहे."

त्यांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावली. "तुला शिट्टी मुद्दाम दिली होती," ते म्हणाले. "अधिकाऱ्याला येता येत नाही. म्हणजे तू नाही आलीस तरी... ते नियमामुळे, असं झालं असतं."

मी त्यांचा टाय खांद्यावरून काढून सरळ केला.

पलीकडे कुलकर्णींनी मोजायला सुरुवात केली होती. रोहितचे झाले, वहिनींचे झाले. आमच्याकडे येऊन त्यांनी नियमावली उघडली, घसा साफ केला आणि म्हणाले, "दहापेक्षा कमी. नियमाप्रमाणे हा कोपरा—"

"थांबा," मागून आवाज आला. शैलाकाकू हाताला पीठ लागलेलं तसंच घेऊन, वड्यांची बशी धरून येत होत्या.

"मतमोजणी चालू असताना उमेदवाराला खायला देता येत नाही," काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"उमेदवार कुठे? माघार घेतलीय ना?" काकूंनी बशी माझ्या हातात कोंबली आणि काकांच्या शेजारी, मखराला टेकून उभ्या राहिल्या. कुलकर्णींकडे बघून म्हणाल्या, "मलाही मोजा."

कुलकर्णी नियमावलीत बघत होते. काकांनी वही उघडली, पेन काढलं, आणि सवयीने काकूंकडे वळून विचारायला तोंड उघडलं. मग ते पेन त्यांनी तसंच परत खिशाला लावलं.